मामंजींची पाणचक्की

आमच्या गावच्या पाणचक्कीबद्दल विचारायला हल्ली अधूनमधून कुणी पोरं येतात. हातात वही, खिशात मोबाईल. "आजी, ती इंग्रजांनी बांधली का निजामानं?" मी म्हणते, बाबांनो, बांधताना काही मी तिथं पाट्या वाहत नव्हते. मी नांदायला आले तेव्हाच ती माझ्या सासऱ्याहून म्हातारी होती.

घरात सांगायचे ते असं, की जालन्याला गोऱ्यांची छावणी होती तेव्हा घोड्यांच्या चंदीचा हरभरा भरडायला कुण्या साहेबानं दुधना नदीवर बंधारा घातला आणि ही चक्की उभी केली. पुढं छावणी उठली, घोडे गेले, साहेबही गेला. चक्की काय उचलून नेता येते? ती जहागीरदाराकडं आली, आणि जहागीरदारानं ती चालवायला माझ्या आजेसासऱ्यांना दिली. त्यांच्यामागं मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. कागद बिगद काही नाही. तोंडी दिलेली, तोंडीच काढून घेता येईल अशी.

आता तिथं बघायला गेलात तर काही नाही. पोलीस ॲक्शनच्या साली पुरात बंधारा फुटला. मागून जहागीरच गेली, मग बंधारा बांधणार कोण? तोवर गावात इंजिनाची चक्कीपण आली होती, फुकफुक करत सगळी आळी डोक्यावर घेणारी. तिच्यातलं पीठ चटका देत बाहेर पडायचं. आमच्या चक्कीचं पीठ हाताला गार लागायचं. त्या पिठाची भाकरी कशी व्हायची ते मी सांगत नाही, तुम्ही म्हणाल म्हातारी वाढवून सांगते. पण व्हायची बाई तशी!

चक्की म्हणजे काळ्या दगडाची एक खोली, निम्मी जमिनीत गेलेली. बंधाऱ्यावरून पाटाचं पाणी यायचं आणि खोलीच्या खाली लाकडी पंख्यावर आदळायचं. पंख्याचा कणा वर खोलीत आला होता, त्याच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढी दगडाची तळी फिरायची. तिच्या खाली दुसरी तळी, ती जागची हलायची नाही. दाणे पडायला वर लाकडी चाडं, पेरणीच्या तिफणीवर असतं तसंच, पण पोतंभर ज्वारी मावेल एवढं. चक्की थांबवायची तर खोलीतूनच पाटाच्या तोंडाशी सागवानी फळी टाकायची, की पाणी दुसरीकडं वळायचं. पायाखालची जमीनपण फळ्यांचीच होती. खालून पाणी, वरून माणसं, मध्ये फळ्या. पहिल्या दिवशी मला तर वाटलं, आपण चक्कीसकट वाहून चाललोय.

एकच गोष्ट जपायची. चाडं रिकामं झालं आणि चक्की तशीच फिरत राहिली, की दगडावर दगड चालतो. ठिणग्या उडतात, तळीला छिन्नीनं ठोकून दिलेली टाकी एका दिवसात गुळगुळीत होते, आणि कधीकधी तळी तडकते. नवी तळी आणायची कुठून? म्हणून चक्कीवाल्याचं सगळं लक्ष आवाजावर. दाणा असला की दगड जड, घरघर बोलतो. दाणा संपत आला की आवाज चढतो, पातळ होतो. एवढं कानानं ओळखून फळी टाकायची. चक्कीवाल्याचं कसब म्हणजे त्याचे कान, असं गावात सगळेच म्हणायचे.

मी नांदायला आले तेव्हा पंधराची असेन. आमचे हे जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला होते, आठवडी बाजाराला तेवढे घरी यायचे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पदर पुढं ओढायचा, वाट सोडून उभं राहायचं, काही सांगायचंच झालं तर सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. फार झालं तर बांगड्या वाजवायच्या किंवा खाकरायचं.

मामंजी तर माझ्याहून वरचढ. मी ओसरीवर आले की मान फिरवायचे. पाणी ठेवलं तरी बघायचे नाहीत. एक शब्द नाही, हूं नाही की चूं नाही. मी पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा आईजवळ किती मिरवलं मी! "आई, माझा सासरा म्हणजे मर्यादेचा पुतळा. बाकीच्या घरी सासरे सुनांच्या नावानं बोंबा मारून राह्यले, आन् आमचे मामंजी बघा." आई म्हणाली, "नशीबवान हायस." मलाही तसंच वाटायचं. काय अक्कल होती बघा माझी.

आत्याबाईंचं मात्र बरोबर उलटं. बाई म्हणजे नुसता ताशा. घरात बोलल्या तर वेशीपर्यंत ऐकू जायचं. सकाळी मामंजी चक्कीवर गेले की भाकरी बांधून या पाठोपाठ. दिवसभर तिथं बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी मोठमोठ्यानं बोलायच्या, मामंजींवर ओरडायच्या. बायका हसायच्या, "नवऱ्याला एक घडी सोडत न्हाई." मलाही हसू यायचं.

मग एका श्रावणात आत्याबाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि कंबर धरून बाजेवर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "आजपासून तू जायचं चक्कीवर. भाकर द्यायची आन् तिथंच बसायचं. उठायचं न्हाई."

"आत्याबाई, मी तिथं बसून काय करू? मामंजींशी बोलायचं न्हाई, गिऱ्हाइकांशी बोलायचं न्हाई."

"बस म्हणलं ना! डोळे उघडे ठेव, बस."

गेले. कोपऱ्यात पोत्यांच्या आड पदर ओढून बसले. बायकामाणसं दळण घेऊन यायची. मामंजी त्यांच्याकडं पाठ करून चाड्यात दाणे ओतायचे. कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. आमच्या शेजारच्या आळीतली एक म्हातारी चाची होती, गहू घेऊन यायची. ती जाताना माझ्यापाशी थांबून कुरकुरली, "तेरा ससरा बहोत मगरूर हो गया रे बेटी. पहले ऐसा नहीं था. सलाम का जवाब बी नहीं देता." मनात म्हटलं, सगळ्या जगाशीच मर्यादा पाळतात की काय हे.

चार-सहा दिवसांनी मामंजींच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. एरवी ते चक्कीत कायम अनवाणी असायचे. त्या दिवशी पायाला चिंधी बांधून, वर जाड वहाण घालून आले. दुपारी एका पोत्यावर बसून तंबाखू मळत होते. चाड्यातले दाणे संपत आले. दगडाचा आवाज चढायला लागला. मला वाटलं, आता उठतील. आवाज आणखी चढला. चक्की किंचाळायला लागली म्हणा ना! जळकट वास सुटला. आणि हे आपले निवांत चुना लावतायत.

मी खाकरले. बांगड्या वाजवल्या. दोन्ही हात आपटून वाजवल्या, एक बांगडी फुटली. मामंजींनी वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि माझी मर्यादा बघा, तेवढ्यातही तोंडातून हाक निघेना. शेवटी पळत गेले आणि दोन्ही हातांनी फळी खाली ढकलली. चक्की थांबली. तेव्हा मामंजी दचकले. त्यांनी चाड्याकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला समोरून पाहिलं असेल. चोरी करताना धरलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं त्यांचं. मी पदर ओढून परत कोपऱ्यात जाऊन बसले.

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"कळलं ना तुला? मंग आता गप बस. तीन सालं झाली. आधी एक कान गेला, मंग दुसरा. जल्मभर त्या दगडाजवळ बसून आणखी काय व्हणार?"

"कुणालाच ठाऊक न्हाई?"

"कुणाला सांगू? बहिऱ्याच्या हाती चक्की ठेवंल का जहागीरदार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर बोललीस तर माझ्याशी गाठ हाय."

मग मला एकेक उलगडा व्हायला लागला. आत्याबाई चक्कीवर ओरडायच्या ते कशासाठी, आणि मामंजी माणसांकडं पाठ का करायचे. समोर उभं राहिलं तर माणूस बोलणार, आणि ऐकू आलं नाही हे तोंडावर दिसणार. त्यापेक्षा पाठ बरी. लोकांनी माजलाय म्हटलं तरी चालेल, बहिरा म्हणू नये. आणि ती माझी आईपुढं मिरवलेली मर्यादा! मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. बिचारा माणूस स्वतःच्याच चक्कीत चोरासारखा वावरत होता.

पायातला काटा निघाला आणि मामंजी परत अनवाणी आले, तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. त्यांना चक्की ऐकू येत नव्हती, पण पायाला कळत होती. फळ्यांमधून थरथर यायची ती तळव्यांना. दाणा संपत आला की त्यांचे अंगठे आधी आत वळायचे, मग ते उठायचे. मी मुद्दाम बघत राहायचे. कधी चुकले नाहीत. चुकायचं ते माणसांच्या बाबतीत. दारात कुणी आलं, पाटावरून कुणी हाक मारली, हे पायाला कसं कळणार?

एक दिवस बंधाऱ्याकडून कुणी बोंबलत होतं, "फळी टाका, म्हैस पाटात शिरली!" मामंजी पाठमोरे. मला काही सुचेना, मी तळहातानं जमिनीच्या फळीवर दणादणा मारलं. मामंजी गर्रकन वळले. मी पाटाकडं बोट केलं. त्यांनी फळी टाकली, म्हैस वाचली. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. कुणी आलं तर एक थाप. हाक मारली तर दोन. दोघांनी मिळून कधी ठरवलं नाही, बोलणार कसं? सासऱ्याशी न बोलणारी सून आणि न ऐकणारा सासरा. देवानं जोडी बरी जमवली होती. लोक म्हणायचे, सून किती गरीब, सासऱ्यापुढं शब्द काढत नाही. मला त्या माणसाची माया लागली ती अशी, फळीवर थापा मारता मारता. माझ्या वडलांच्याही मी कधी एवढी जवळ नव्हते. खोटं कशाला सांगू.

कार्तिकात जहागीरदाराचा नवा कारभारी आला. हैदराबादेकडचा, तरणा, शेरवानी घातलेला, हातात वेताची छडी. जहागिरीतल्या एकेक जागा बघत फिरत होता. चक्कीपाशी आला तेव्हा दळणाला गर्दी होती. मामंजी चाड्यावर वाकून दाणे हलवत होते. मी पाणी भरायला नदीवर उतरले होते. नेमकं तेव्हाच! घागर घेऊन वर आले तर कारभारी दारात उभा राहून म्हणत होता, "ए बुढ्ढे! इधर देख!" एकदा, दोनदा, तीनदा. मामंजींची पाठ तशीच. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी घागर टाकून आत जाईपर्यंत त्यानं छडीनं त्यांच्या खांद्याला टोचलं होतं.

मामंजी वळले, दचकून सलाम केला. कारभाऱ्यानं काही विचारलं. मामंजींनी मान खाली घातली, रोजच्यासारखी, आणि परत चाड्याकडं वळले. झालं! कारभारी लालबुंद.

"इतना घमंड? मालिक के आदमी को पीठ दिखाता है?"

आणि आपली माणसं बघा. एक जण म्हणाला, "माजलाच हाय सरकार. आमच्याशीबी बोलत न्हाई." दुसरा म्हणाला, "तीन सालांपासून असंच." चाचीसुद्धा मान हलवायला लागली. कारभारी म्हणाला, "कल से चक्की पर दूसरा आदमी आएगा. इस को बोल दो, सामान उठा ले."

मामंजी दाणे हलवत होते. आपली चक्की गेली, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं, त्यांना एकट्याला नव्हतं.

इकडं आड, तिकडं विहीर. गप्प बसावं तर माजोरडा म्हणून काढणार. बोलावं तर बहिरा म्हणून काढणार, वर तीन सालं झाकलेलं मी सगळ्या गावासमोर उघडं करणार, तेही त्यांच्या पाठीमागं उभं राहून. आणि बोलायचं म्हणजे सासऱ्यापुढं, परक्या पुरुषांपुढं. पण त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघितलं आणि मला राग आला. कारभाऱ्याचा नाही, त्या मान हलवणाऱ्यांचा. इतकी वर्षं ज्याच्या हातचं पीठ खाल्लं त्याला माजलाय म्हणताना जीभ कशी वळली? मी भिंतीकडं तोंड केलं, पदर छातीपर्यंत ओढला आणि बोलले.

"मामंजी माजलेले न्हाईत सरकार. त्यांना ऐकू येत न्हाई. तीन सालं झाली. पण चक्कीचं सगळं कळतं त्यांना, पायानं कळतं. एक दाणा वाया गेला न्हाई की एक दगड तडकला न्हाई. पायजे तर बघा."

चक्कीच्या घरघरीतूनही आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मी भिंतीकडं बघत होते, तरी मला कळलं, सगळ्यांची तोंडं मामंजींकडं वळली होती. थोडं मागं बघितलं. मामंजी चाडं सोडून उभे होते आणि त्या तोंडांकडं बघत होते. कुणाच्या तोंडावर आता राग नव्हता, कीव होती. तेवढ्यावरून त्यांना समजलं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

कारभारी मला म्हणाला, "तू बाहर जा." मी बाहेर येऊन उंबराखाली उभी राहिले. आत त्यानं एका गड्याला खुणावलं, चाड्याचं तोंड हातानं दाबून धर. मामंजींना त्यानं दाराकडं तोंड करून उभं केलं होतं, हे मला मागून चाचीनं सांगितलं. मी बाहेर नुसता कान देऊन उभी. दगडाचा आवाज घरघर होता. मग चढला. आणखी पातळ झाला. मी उंबराचं खोड नखांनी कुरतडत होते. म्हटलं, आता, मामंजी, आता! आणि खटकन फळी पडली. चक्की थांबली, पाणी दुसरीकडं वळलं.

कारभारी बाहेर आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चलने दो. लेकिन अकेला नहीं. तू बैठा कर." आणि घोड्यावर बसून गेला. माणूस वाईट नव्हता.

मी आत गेले नाही. बरं वाटायला पाहिजे होतं, पण मला मामंजींचीच भीती वाटत होती. चक्की राहिली, पण ज्यासाठी ते तीन सालं जगाला पाठ दाखवत राहिले ते मी चव्हाट्यावर मांडलं होतं. दिवेलागणीच्या आधी ते घरी निघाले. मी दहा पावलं मागं. सगळ्या वाटेत एकदाही मागं वळले नाहीत.

आमच्याआधी बातमी पोचली होती. आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "बोललीस? सासऱ्यापुढं, गावापुढं बोललीस?" मी आत जाऊन चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. आता चोरून बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

"काय म्हणली ती?" मामंजींनी विचारलं. त्यांचा आवाज मोठा, त्यांना कुठं ठाऊक?

"तुमी बहिरे हाय म्हणली!" आत्याबाई त्यांच्या कानात ओरडल्या. "सगळ्यांम्होरं!"

माझे हात पिठात तसेच थांबले.

"खरं हाय ते," मामंजी म्हणाले. "आज ती चाची तोंडाम्होरं येऊन उभी राह्यली. खांद्याला हात लावून हळूहळू बोलली. व्हटांवरून कळलं मला. तिच्या नातीचं लगीन झालं म्हणं, लेकरूबी झालं. मला कुणी सांगितलंच न्हवतं बघ."

आत्याबाईंचं नाक ओढलेलं मला आत ऐकू आलं.

मग मामंजींनी विचारलं, "आवाज कसा हाय तिचा?"

"कुणाचा?"

"सूनबाईचा. तीन म्हैने झाले, पोरगी माझ्यासंगं बसती. आज माझ्यासाठी बोलली, आन् मला ऐकू न्हाई आलं."

मी तव्यावर भाकरी टाकली आणि तिच्याकडं बघत बसले. आत्याबाई आधी नुसतं काहीतरी पुटपुटल्या. मामंजी म्हणाले, "आँ?" आत्याबाईंनी बरा हाय अशी मान हलवली असणार, कारण मामंजी परत म्हणाले, "तसं न्हाई. कसा हाय ते सांग."

आत्याबाई ओरडल्या, "गोड हाय!"

"आँ?"

"गोड हाय म्हणते, गोड! बारीक हाय, पण गोड हाय!"

शेजारची बाई हातातलं काम टाकून दारात आली. समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. नांदायला आल्यापासून आत्याबाईंनी मला कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. भाकरी करपली, धूर झाला, आणि मी धुरात बसून रडून घेतलं. बाहेर मामंजी म्हणत होते, "गोड हाय. मला वाटलंच हुतं."